छोट्या खोलीत, ओळखीच्या लोकांसमोर: प्रायोगिक बँडनं काय ठरवावं, काय मोकळं सोडावं

प्रश्न थोडक्यात असा आहे. चार मित्रमैत्रिणींचा बँड आहे, ठरलेली गाणी नाहीत. एक गिटार, एक सिंथ आणि लॅपटॉप, एक ड्रम्स, आणि चौथी मैत्रीण गाते. शिवाय पत्रा, स्प्रिंग, लाकडी पेटी अशा वस्तूंना काँटॅक्ट माइक (वस्तूची थरथर थेट टिपणारा माइक) चिकटवून त्या वाजवते. तालमीत तासन्‌तास रंगतात. आता ओळखीतल्या एका छोट्या जागी २५-३० लोकांसमोर वाजवायचं घाटतंय आणि ऐकायला येणारे बहुतेक मित्रच असतील. लोक कंटाळतील का, किती ठरवून जायचं, आवाजाची सोय कशी करायची, आणि या सगळ्यात आपापसांत कुरबुरी होऊ नयेत म्हणून काय करायचं?

आधी मुद्द्याचं सांगतो. तीन गोष्टी पक्क्या ठरवा: किती वेळ वाजवायचं, जास्तीत जास्त आवाज किती, आणि संपवायचं कसं. बाकी सगळं मोकळं ठेवलंत तरी निभावतं. या तीन गोष्टी अधांतरी राहिल्या तर मात्र कितीही तालीम केलेली असो, कार्यक्रम हातातून निसटतो. मी बरीच वर्षं अशा छोट्या जागांमध्ये वाजवतोय, इतरांसाठी मिक्सरवर बसतोय. मोकळं वाजवणारे चांगले चांगले बँड फसताना पाहिले आहेत. त्यांची कल्पना कच्ची होती असं फार क्वचित झालं. बहुतेकदा या तीन गोष्टींपैकी काहीतरी ठरवायचं राहून गेलेलं होतं.

वेळेचं आधी बघू. पहिल्या कार्यक्रमाला २० ते २५ मिनिटं पुरेत, आणि ती सलग. तालमीत तासभर वाजवल्यावर त्यातली दहा मिनिटं विलक्षण लागतात, आणि उरलेली पन्नास मिनिटं तुम्ही त्या दहांच्या शोधात असता. तो शोध तुम्हाला आवडतो, कारण दर क्षणाला तुम्ही काही ना काही ठरवत असता. ऐकणाऱ्याकडे तसं काहीच काम नसतं. त्यामुळे तुम्हाला पाच मिनिटं वाटलेली जागा त्याला पंधरा मिनिटांची वाटू शकते. यावर उपाय तालमीतच करायचा. तासाभराची एक सलग तालीम करण्याऐवजी १५-१५ मिनिटांचे तुकडे वाजवा आणि प्रत्येक तुकडा शून्यातून सुरू करा. चांगल्या जागेपर्यंत पोहोचायला लागणारा वेळ हळूहळू आपोआप कमी होतो. प्रत्यक्ष वाजवताना घड्याळ कुणाच्या डोक्यात नको. सगळ्यांना दिसेल असा एक फोन जमिनीवर ठेवा, सूचना बंद, टायमर चालू.

आता शेवट. मला विचाराल तर प्रायोगिक बँडची खरी कसोटी इथेच लागते. ठरलेलं गाणं असलं की कुठे थांबायचं हे गाणंच सांगतं. तुमच्याकडे ती सोय नाही. मग होतं असं, की सुंदर विरत जाणारा एक शेवट येतो, तिघं थांबतात, चौथ्याला ते कळत नाही किंवा ती शांतता त्याला सोसत नाही, तो एक सूर छेडतो, बाकीचे शिष्टाचार म्हणून पुन्हा सामील होतात, आणि पुढची आठ मिनिटं कुणालाच नको असताना वाजत राहतात. एका सेटमध्ये असे तीन शेवट हुकलेले मी ऐकले आहेत. ऐकणाऱ्याला ते लगेच कळतं, आणि तिसऱ्यांदा तो मनातून निघून गेलेला असतो.

म्हणून नियम करा: ठरलेल्या वेळेच्या शेवटच्या टप्प्यात, म्हणजे २५ मिनिटांच्या सेटमध्ये विसाव्या मिनिटानंतर, जो पहिला खरा शेवट येईल तोच शेवट. एकानं वाद्यावरून हात उचलून मांडीवर ठेवले की बाकीच्यांनी नवीन काही सुरू करायचं नाही. जे चालू आहे ते फार तर मिनिटभरात विरू द्यायचं. लूपर (वाजवलेला तुकडा पुन्हा पुन्हा वाजवणारं यंत्र) आणि सिंथ वापरणाऱ्यानं इथे जास्त जागरूक राहायला हवं, कारण त्याचं वाद्य हात उचलले तरी वाजतच राहतं. आणि याचा स्वतंत्र रियाज करा. एक अख्खी संध्याकाळ फक्त तीन-तीन मिनिटांचे तुकडे वाजवा, लक्ष फक्त शेवटावर. काही तुकडे विरत संपवा, काही एका झटक्यात तोडा, काहींमध्ये एकच जण उरेल असं करा. अशा एका संध्याकाळनंतर बँडचं कान देऊन ऐकणंच बदलतं, याचा अनुभव मी पुन्हा पुन्हा घेतलाय.

किती ठरवून जायचं, या प्रश्नाला दोन टोकांची उत्तरं मिळतात. एक म्हणतं सगळं त्या क्षणी सुचू द्या, दुसरं म्हणतं आराखडा लिहून काढा. मी मधल्या रस्त्याचा पुरस्कर्ता आहे, आणि तो रस्ता जुना आणि चाचपलेला आहे. टेरी रायली यांची १९६४ सालची 'इन सी' ही रचना बघा. तिची मूळ संहिता जवळपास पानभर आहे: ५३ छोटे स्वरखंड. प्रत्येक वादकानं ते क्रमानं वाजवायचे, पण कुठला खंड किती वेळा घोळवायचा आणि पुढे कधी सरकायचं हे त्याचं त्यानं ठरवायचं. कुठली वाद्यं, किती वादक, हेही मोकळं. मग गोंधळ का होत नाही? कारण दोन-तीन सूचना ठाम आहेत. एकमेकांपासून दोन-तीन खंडांपेक्षा फार लांब जायचं नाही, इतरांचं ऐकायचं, आणि शेवटच्या खंडावर पोहोचलेल्यानं सगळे येईपर्यंत तिथेच थांबायचं. मग सगळ्यांनी मिळून आवाज काही वेळा चढवायचा-उतरवायचा आणि एकेकानं बाहेर पडायचं. म्हणजे शेवट आधीच ठरलेला आहे. इतकी मोकळी रचना, पण तिनंही शेवट नशिबावर सोडलेला नाही.

दुसरं उदाहरण बुच मॉरिस यांचं. मुळात ते कॉर्नेट वाजवायचे. १९८५ पासून त्यांनी हाताच्या खुणांनी अख्ख्या वादकसमूहाकडून उत्स्फूर्त संगीत घडवून घेण्याची पद्धत विकसित केली: हे लक्षात ठेव, हे पुन्हा कर, हे लांबव, इथे थांब. चौघांच्या बँडला एवढी मोठी भाषा लागत नाही. चार खुणा खूप झाल्या: "आता फक्त दोघं", "सगळे एकदम बंद", "मघाच्या त्या जागेकडे परत", आणि "शेवटाकडे". खूण कुणीही करू शकतो, आणि केली की ती पाळायची. ती बरोबर होती की चूक हे नंतर बोलायचं. "सगळे एकदम बंद" ही खूण तर एका सेटमध्ये एकदाच वापरा. छोट्या खोलीत तिचा परिणाम जबरदस्त असतो, दुसऱ्यांदा वापरली की तो निम्मा होतो.

खुणा करायच्या तर एकमेकांचे चेहरे दिसले पाहिजेत. मोठ्या मंचावरच्या बँडसारखं एका रेषेत प्रेक्षकांकडे तोंड करून बसू नका. अर्धवर्तुळात, जवळ जवळ बसा. त्याचा आणखी एक फायदा आहे: आवाजाला एक मीटर कापायला साधारण ३ मिलिसेकंद लागतात. तुमच्या सिंथवाल्याचा लॅपटॉप ४८ किलोहर्ट्‌झला २५६ सँपलच्या बफरवर (लॅपटॉप आवाज एवढ्या तुकड्यांत साठवून मग पुढे पाठवतो) चालत असेल तर तिथेच ५ मिलिसेकंदांपेक्षा थोडा जास्त उशीर एका दिशेनं झालेला असतो. त्यात तो ड्रम्सपासून चार मीटर लांब बसला तर आणखी १२ मिलिसेकंद. तालबद्ध जागा ढिल्या वाटतात, आणि दोष मात्र वादकाच्या लयीला दिला जातो.

आता आवाजाची पातळी, आणि इथे मी जरा जास्त वेळ घेणार आहे. छोट्या खोलीत पातळी ठरवतात ड्रम्स. बाकी सगळ्यांना बटण आहे, ड्रम्सना नाही. पूर्ण ताकदीनं वाजवलेला ड्रमसेट जवळून १०० डेसिबलच्या वर सहज जातो; माणसाचं साधं बोलणं एक मीटरवर ६० डेसिबलच्या आसपास असतं. म्हणजे गाणाऱ्या मैत्रिणीचा हलका, पुटपुटल्यासारखा आवाज त्या ड्रम्सवर काढायचा, तर माइक इतका वाढवावा लागेल की फीडबॅकची, म्हणजे स्पीकरचा आवाज माइकमध्ये परत शिरून होणारी शिट्टी येणारच. तेव्हा गिटार वाढवली जाते, मग सिंथ, मग सगळंच. हा जिना चढायचाच नसेल तर पहिली पायरी ड्रम्सवाल्यानं खाली उतरायची. काड्यांऐवजी ब्रश किंवा बारीक काड्यांची जुडी, स्नेअरवर कापड, झांजांची संख्या कमी, कधी नुसते हात. अर्धा सेटच घेऊन जायलाही हरकत नाही. ड्रम्सवाल्याला यात कमीपणा वाटू देऊ नका. खरं तर हळू वाजवताना त्याच्याकडून जे बारकावे निघतात ते मोठ्या आवाजात कधीच ऐकू येत नाहीत.

गिटारचा अँप खुर्चीवर ठेवा किंवा मागे कलता करा, म्हणजे त्याचं तोंड वाजवणाऱ्याच्या कानाकडे होईल. जमिनीवरचा अँप गुडघ्यांना ऐकू येतो. वरच्या पट्टीतले आवाज सरळ रेषेत जातात, त्यामुळे समोर बसलेल्याच्या कानात सुई टोचत असते आणि गिटारवाल्याला मात्र वाटतं की आपण ऐकूच येत नाही. नुसता अँप उचलल्यानं खोलीतला एकूण आवाज किती खाली येतो, हे करून बघाच.

कानांचं गणितही सांगून ठेवतो, कारण तुमचे मित्र तुमच्यावरच्या प्रेमापोटी कान बंद न करता बसून राहतील. अमेरिकेतल्या नायोश या संस्थेची कामाच्या जागेसाठीची शिफारस अशी: दिवसाला ८५ डेसिबल आठ तास, आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. म्हणजे ९४ ला एक तास, ९७ ला अर्धा तास, १०० ला १५ मिनिटं. तुमचा २५ मिनिटांचा सेट सरासरी १०० डेसिबलला गेला, तर एका बैठकीत दिवसाची मर्यादा ओलांडली जाते. छोट्या खोलीत मागे सरकूनही फार सुटका नसते, कारण भिंतींवरून परतणारा आवाज सगळीकडे सारखाच भरलेला असतो. म्हणून सर्वांत मोठ्या जागेची पातळी तालमीत ठरवा, फोनवरच्या मीटरनं अंदाज घ्या, अँपच्या बटणांवर चिकटपट्टीनं खूण करा. मोठा आवाज हाच तुमचा आशय असेल, तर तोही बिनदिक्कत वाजवा. पण तसं आधी सांगा, दारात फोमच्या कानबोळ्यांचं खोकं ठेवा आणि सेट छोटा करा.

खोली स्वतःच एक वाद्य आहे, आणि तुमच्यासारख्या बँडला ती आयती मिळते. दोन समांतर भिंतींमध्ये आवाज घुमतो; सगळ्यांत खालचा घुमणारा सूर काढायचा सोपा हिशोब म्हणजे आवाजाचा वेग, सेकंदाला सुमारे ३४३ मीटर, भागिले अंतराची दुप्पट. भिंतींमध्ये ४ मीटर अंतर असेल तर जवळपास ४३ हर्ट्‌झ, म्हणजे बेस गिटारच्या सर्वांत खालच्या 'ई' आणि त्यावरच्या 'एफ' यांच्या मध्ये, एफच्या बाजूला. त्याच्या दुपटीवर, तिपटीवरही घुमतो. या सुरांवर भिंतीजवळ बसलेल्याची छाती थरथरते, आणि सर्वांत खालच्या सुराला खोलीच्या मध्यावर बसलेल्याला जवळपास काहीच ऐकू येत नाही. पोहोचल्या पोहोचल्या सिंथवर एक साधा सूर अगदी सावकाश खालून वर न्या आणि एकानं खोलीभर फिरून ऐका. कुठे फुगतो ते कळलं की दोन पर्याय आहेत: ड्रोन (लांबवर धरून ठेवलेला सूर) तिथून अर्धा सूर बाजूला ठेवायचा, किंवा मुद्दाम तिथेच बसवायचा आणि अगदी कमी ताकदीत अख्खी खोली वाजवायची. अल्विन लुसिए यांनी १९६९ मध्ये खोलीत बोललेला मजकूर ध्वनिमुद्रित करून पुन्हा पुन्हा त्याच खोलीत वाजवला आणि मुद्रित केला, शेवटी शब्द विरले आणि खोलीचे सूर उरले. त्या कामातून शिकण्यासारखं असं, की हे सूर शोधायला महागडी सामग्री लागत नाही, संयम लागतो.

एक गोष्ट मात्र लक्षात असू द्या. रिकाम्या खोलीतला साउंडचेक आणि भरलेली खोली यांत बराच फरक असतो. माणसं आणि त्यांचे कपडे मधले आणि वरचे आवाज शोषून घेतात, खालचे फारसे नाहीत. त्यामुळे लोक आल्यावर सगळं जरा मऊ, गढूळ वाटेल. लगेच आवाज वाढवू नका. खालचे सूर थोडे कमी करा, किंवा वरचे किंचित उघडा.

माइकचं थोडक्यात: लोकांकडे तोंड केलेले स्पीकर माइकच्या पुढे, लोकांच्या बाजूला ठेवा, कधीही गाणाऱ्याच्या मागे नको. गाणाऱ्या मैत्रिणीचा माइक कार्डिऑइड (मुख्यतः समोरचं ऐकणारा) असेल तर तो बरोबर मागच्या बाजूनं सर्वांत बहिरा असतो, मॉनिटर (तिला तिचाच आवाज ऐकवणारा स्पीकर) तिथे ठेवा. सुपरकार्डिऑइड असेल तर त्याला मागून थोडं ऐकू येतं आणि बहिरी जागा साधारण १२५ अंशांवर, म्हणजे मागे पण बाजूला असते. माइकची जाळी मुठीत धरू नये. मागची छिद्रं झाकली गेली की तो सगळीकडचं ऐकू लागतो आणि शिट्टी मारतो. ही शिट्टी तुम्हाला हवीच असेल तर ती वेगळी गोष्ट, पण मग ती एका ठरावीक माइकवर, हाताशी बटण ठेवून.

काँटॅक्ट माइकबद्दल खास सांगतो, कारण बहुतेक जण इथे अडकतात. त्यातल्या पिएझो चकतीला (थरथरीचं विजेत रूपांतर करणाऱ्या) खूप मोठ्या इंपीडन्सचं, म्हणजे विजेला मोठा अडथळा करणारं इनपुट लागतं, एक मेगाओम किंवा अधिक. ती थेट मिक्सरच्या लाइन इनपुटला जोडली, जे बऱ्याचदा १० किलोओमच्या आसपास असतं, तर खालचे सूर गळून पडतात आणि पत्र्याचा कर्कश खणखणाट तेवढा उरतो. मग लोक म्हणतात की पिएझोचा आवाजच वाईट. तसं नाही. मध्ये साधा प्रीअँप (कमजोर सिग्नल वाढवणारं साधन) घाला किंवा गिटारसाठी असलेल्या इनपुटला जोडा, तीच स्प्रिंग घंटेसारखी घुमेल. चकतीपासून प्रीअँपपर्यंतची केबल मात्र छोटी ठेवा.

विजेबाबत एकच गोष्ट हट्टानं सांगेन: घरघर घालवण्यासाठी अर्थिंगची पिन कधीही काढू नका, झाकू नका. एका हातात गिटारच्या तारा आणि ओठ माइकच्या जाळीला, अशा अवस्थेत अर्थिंग नसलेला अँप जीव घेऊ शकतो. घरघर बहुतेक वेळा अर्थच्या वळशामुळे, म्हणजे साधनं एकाहून जास्त वाटांनी अर्थला जोडली गेल्यामुळे येते. विजेच्या पुरवठ्याप्रमाणे ५० किंवा ६० हर्ट्‌झची, आणि तिच्या पटीतली. सगळी साधनं एकाच ठिकाणाहून वीज घेतील असं करा. तरी राहिली तर ट्रान्सफॉर्मर असलेला डीआय बॉक्स (वाद्याचा सिग्नल मिक्सरला जोडणारी छोटी पेटी) लावा आणि त्यावरचं ग्राउंड लिफ्टचं बटण दाबा. ते फक्त सिग्नलचा जमिनीशी असलेला दुवा तोडतं, सुरक्षेचं अर्थिंग शाबूत राहतं. लॅपटॉप चार्जरवर कुरकुरत असेल तर तो बॅटरीवर चालवा. डिजिटल पेडल्स एकाच अडॅप्टरच्या साखळीवर असली की बारीक किरकिर येते, त्यासाठी प्रत्येकाला वेगळा पुरवठा देणारा पॉवर सप्लाय घ्या. बरोबर एक जास्तीची केबल, एक अडॅप्टर, बॅटऱ्या, टॉर्च आणि कापडी चिकटपट्टी असू द्या. आवाज गेला तर एकेक पेडल तपासत बसू नका, वाद्य सरळ अँपला जोडा आणि पुढे चला. बाकीच्यांनी तोवर वाजवत राहायचं, हेही आधी ठरलेलं असू द्या.

साउंडचेकला बहुतेक बँड एकेकट्याचा आवाज तपासत बसतात. तुम्ही उलटं करा. आधी सगळे मिळून तुमची सर्वांत मोठी जागा मिनिटभर, मग सर्वांत हळू जागा मिनिटभर. या दोन टोकांमध्ये सगळं ऐकू आलं की मधलं आपोआप बसतं. आणि जागा देणाऱ्याला काही दिवस आधी चार ओळी लिहून पाठवा: किती जण, किती प्लग लागतील, किती मोठं टेबल, किती वेळ, मांडायला आणि आवरायला किती मिनिटं, किती मोठा आवाज. आणि स्पष्ट लिहा की आम्ही गाणी वाजवत नाही, लांबट, मोकळं संगीत वाजवतो. गप्पा मारायला जमलेल्या लोकांवर असं संगीत अचानक लादणं त्यांच्यावरही अन्याय आणि तुमच्यावरही. त्याच संध्याकाळी इतर कुणी वाजवणार असतील आणि तुमची मांडामांड गुंतागुंतीची असेल, तर पहिली वेळ मागून घ्या, आणि मग शेवटपर्यंत थांबून सगळ्यांचं ऐका. छोट्या जागांमधली संगीताची वस्ती अशीच वाढते. वाजवून लगेच निघून जाणाऱ्यांना लोक विसरतात.

लोक कंटाळतील का? काही जण कंटाळतील, आणि तसं होणं स्वाभाविक आहे. त्यांना सोपं जावं म्हणून सुरुवातीला एक वाक्य बोला: "आम्ही साधारण २५ मिनिटं न थांबता वाजवणार आहोत, मध्ये उठायचं असेल तर खुशाल उठा." बस. किती वेळ आहे हे कळलं की माणूस सैल होऊन ऐकतो. कळलं नाही की तो मनात सुटकेची वाट बघतो. संगीताचा अर्थ समजावत बसू नका. खुर्च्या अशा मांडा की बाहेर पडणाऱ्याला बँडसमोरून जावं लागणार नाही. आणि कोपऱ्यात कुणी बोलायला लागलं तर आवाज वाढवण्याचा मोह टाळा. हळू व्हा. आपलाच आवाज आपल्याला ऐकू येऊ लागला की बोलणारा बहुधा थांबतो. मोठ्यानं वाजवलं तर तोही मोठ्यानं बोलतो.

मित्रांच्या कौतुकाचं काय करायचं, हा नाजूक विषय आहे. ते मनापासून असतं, ते घ्या, आभार माना. पण त्यातून संगीताबद्दल फारसं कळत नाही. "कसं वाटलं?" असं विचारलं तर उत्तर "मस्त" हेच येणार. त्याऐवजी दोघा-तिघांना गाठून विचारा: "लक्ष कुठे उडालं? कुठली जागा अजून चालायला हवी होती?" याचं उत्तर संगीत न समजणारा माणूसही अचूक देतो, आणि वेगवेगळ्या लोकांनी एकाच जागेकडे बोट दाखवलं तर ते गंभीरपणे घ्या.

आता तुमच्या आपापसांतलं. अशा बँडमध्ये भांडण बहुतेक एकाच कारणानं होतं: कुणीतरी फार वाजवतं. त्याला तोंडावर सांगितलं की तो दुखावतो, नाही सांगितलं की बाकीचे आतून धुमसतात. म्हणून ही गोष्ट व्यक्तीवर न नेता नियमात आणा, आणि तीही पहिल्या कार्यक्रमाआधी: सेटचा किमान एक तृतीयांश वेळ प्रत्येकानं गप्प राहायचं. कुठला, ते ज्याचं त्यानं ठरवायचं. हा नियम सगळ्यांना लागू असल्यानं कुणाला बोचत नाही, आणि संगीतात ताबडतोब हवा खेळू लागते. चौघांचे सहा जोड होतात, चार त्रिकूटं होतात, चार एकल आवाज. सगळे सतत वाजवत राहिले तर यातलं एकही कधी ऐकू येत नाही. या सगळ्यातला हा एकच सल्ला पाळणार असाल तरी माझं लिहिणं कारणी लागलं असं मी समजेन.

कार्यक्रमाच्या रात्री एकमेकांच्या चुका काढायच्या नाहीत. त्या वेळी सगळ्यांची मनं उघडी असतात आणि दमलेलीही. ध्वनिमुद्रण मात्र नक्की करा: छोटा स्टीरिओ रेकॉर्डर, बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर, पुढच्या रांगांच्या आसपास, २४ बिटवर, सर्वांत मोठी जागा रेकॉर्डरच्या मीटरवर उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील असा. फोनवर केलं तरी चालेल, पण बरेच फोन आपोआप हळू जागा वर आणि मोठ्या जागा खाली करतात, त्यामुळे तुम्ही जी चढउतार मेहनतीनं साधली तीच सपाट ऐकू येते. चार-सहा दिवसांनी एकत्र बसून पूर्ण ऐका, मध्ये कुणी बोलायचं नाही. मग प्रत्येकानं एक जागा ठेवायची सांगायची आणि एक सोडायची. स्वतःच्या वाजवण्यातली जागा सोडायची सांगायला कुणी सुरुवात केली, की बाकीचं बोलणं फार सोपं होतं.

कामं वाटून घ्या: जागेवाल्याशी एकच जण बोलेल, सामानाची यादी दुसऱ्याकडे, पैसे तिसऱ्याकडे. एकाच मित्रावर सगळा भार पडला तर वर्षभरात तो बँडला कंटाळतो, आणि कारण त्याचं त्यालाही सांगता येत नाही. पैसे थोडे असतील, पण ते कसे वाटायचे हे आधी बोला. माझी पद्धत अशी: प्रवास, वाहतूक, तुटलेल्या तारा हा खर्च आधी बाजूला, उरलेलं समान, कुणाचं वाद्य कितीही महाग असो.

त्याच वीस-पंचवीस मित्रांना दर पंधरवड्याला बोलावू नका. दोन-तीन महिन्यांचं अंतर ठेवा आणि दर वेळी काहीतरी ठळक बदला: एकदा मध्यभागी बसून लोकांना भोवती बसवा, एकदा विजेशिवाय वाजवा, एकदा दोन-दोनच्या जोड्यांनी. जागा मात्र शक्यतो तीच ठेवा, निदान पहिले काही कार्यक्रम. खोली ओळखीची झाली की तिच्याकडे लक्ष द्यावं लागत नाही, सगळं लक्ष एकमेकांकडे जातं.

मुद्रण लोकांसमोर ठेवायचं असेल तर चौघांचा होकार घ्या, एकाचा नकार असेल तर ते ठेवू नका. त्या क्षणी सुचलेल्या संगीताचं श्रेय चौघांच्या नावानं, समान लिहा, सुरुवात कुणीही केलेली असो. कुणी आधी बसून एखादी चौकट किंवा स्वरखंड लिहून आणले असतील तर रचना म्हणून त्याचं नाव वेगळं द्या, आणि वादनाचं श्रेय पुन्हा चौघांचं. हे पहिलं मुद्रण बाहेर जाण्याआधी लिहून ठेवा.